चापाच्या कड्याला मारलेला टाका आणि निकामी झालेली नळी

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात काजूची बाग आणि कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, सांभाळणाऱ्या एका शेतकऱ्याच्या बंदुकीचे हे प्रकरण. बंदूक एकनळी, बाराबोर, मधोमध मोडून मागून काडतूस भरायची, घोडा बाहेर असलेली. परवाना पीक संरक्षणाचा. सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण या पट्ट्यात अशा बंदुका अनेक घरांत दिसतात, आणि त्यांतल्या बहुतेक वडिलांकडून मुलाकडे आलेल्या असतात. माकडे आणि रानडुकरे बागेत शिरली की हवेत बार काढायचा, एवढाच त्यांचा उपयोग. पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नाही. गवा आणि रानडुक्कर दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात.

ऐन काजूच्या हंगामात बंदूक स्कूटरवरून पडली आणि चापाचे कडे तुटले. चापाचे कडे म्हणजे ट्रिगर गार्ड, चापाभोवतीची ती लोखंडी पट्टी. पुढच्या टोकाला एका स्क्रूने ती बंदुकीच्या पोटाला धरलेली असते, मागची लांब शेपटी दोन स्क्रूंनी लाकडी दस्त्यात बसवलेली असते. तूट पुढच्या स्क्रूपासून दोन सेंटीमीटरवर होती. नळी, घोडा, बिजागरी यांपैकी कशालाही धक्का लागला नव्हता. म्हणजे मूळ बिघाड अगदी किरकोळ होता. कडे उतरवून परवानाधारक कारागिराकडे दिले असते तर अर्ध्या दिवसाचे काम होते.

घडले वेगळे. ओळखीचा वेल्डर खिडक्यांचे गज आणि फाटके करणारा. त्याने मशीन घरी आणले, अंगणात बंदूक बाकावर ठेवली आणि "दोन मिनिटांचे काम आहे" म्हणून कडे न उतरवताच रॉड लावला.

दोन मिनिटांत काय काय झाले

रॉड ३.१५ मिलिमीटरचा, ६०१३ जातीचा. गजाच्या कामाला हाच वापरतात आणि तिथे तो उत्तम चालतो. त्याला ९० ते १३० अँपिअर लागतात. कड्याची पट्टी जेमतेम ३ मिलिमीटर जाडीची आणि १० मिलिमीटर रुंद. एवढ्या करंटला ती पट्टी उभी राहत नाही, कडा वितळून खाली ओघळतात. भोक पडले म्हणून ते भरायला आणखी रॉड, तो जास्त झाला म्हणून ग्राइंडर, ग्राइंडरने पुन्हा भोक, पुन्हा रॉड. असे चार वेळा झाले. प्रत्येक वेळी उष्णता पुढच्या स्क्रूमधून बंदुकीच्या पोटात उतरत गेली.

रॉड सर्दही होता. गोव्यात पाकीट फोडून ठेवलेला रॉड आठवडाभरात दमटपणा ओढतो, पावसाळ्याची वाटही पाहावी लागत नाही. वापरण्याआधी ६०१३ तासभर १०० ते ११० अंशांवर तापवून घ्यावा लागतो. ते कोणी केले नव्हते. पट्टीवरचे जुने तेल आणि निळा मुलामाही तसाच होता. रॉडमधले पाणी आणि पट्टीवरचे तेल आर्कमध्ये, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणाऱ्या विजेच्या झोतात, गेले की त्यांचा वायू होतो, धातू गोठताना तो आत अडकतो आणि टाका चाळणीसारखा होतो. बाहेरून टाका मुंग्यांच्या वारुळासारखा दिसत होता. कानशीने वरचा अर्धा मिलिमीटर काढल्यावर आत टाचणीच्या डोक्याएवढी भोके आणि त्यांत काळी मळी भरलेली दिसली.

इथपर्यंतचे नुकसान भरून येणारे होते. खरे नुकसान टाक्यापासून वीतभर पुढे झाले, आणि ते महिनाभर कोणाच्याच लक्षात आले नाही. अर्थिंगचा चिमटा नळीला लावला होता.

बंदूक आमच्याकडे दुरुस्तीला आली ती चापाची तक्रार घेऊन. चाप ओढल्यावर परत यायला वेळ लागत होता, कधी अडकत होता. कारण वरवर साधे होते: टाका थंड होताना आखडतो, त्याने कड्याची कमान मागे ओढली आणि चापाचे टोक आतून कड्याला घासू लागले. मालकाची अपेक्षा एवढीच की कडे वाकवून सरळ करून द्यावे. कडे वाकवून बंदूक परत दिली असती तर पुढच्या बाराला काय झाले असते, हे खालच्या तपासणीवरून कळेल.

कोणी हात लावायचा

मध्येच कायद्याचे सांगणे भाग आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती करायला वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे दुरुस्तीचा परवाना नव्हे, मालकालासुद्धा नव्हे. कलम २५ मध्ये विनापरवाना बनवणे आणि विकणे यांच्या रांगेतच दुरुस्ती बसवली आहे, आणि २०१९ च्या सुधारणेनंतर त्याची शिक्षा किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. गजाचा टाका मारणाऱ्या माणसाला याची कल्पनाच नसते. ओळखीखातर त्याच्याकडे बंदूक नेणारा मालक त्यालाही या कलमाखाली आणतो.

मालकाने घरी काय करावे? बंदूक रिकामी करावी, पुसावी, नळीत ब्रश फिरवावा, तेलाचा हात द्यावा. चामड्याच्या किंवा कापडाच्या पिशवीत ठेवू नये, पिशवी ओल धरते आणि नळी आतल्या आत गंजते. घरच्या कामाची हद्द इथे संपते.

बंदूक कारागिराकडे नेताना मालकाला स्वतः जाणे जमत नसेल तर कलम ३ मध्ये सोय आहे: परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरा माणूस दुरुस्तीसाठी बंदूक नेऊ शकतो. मुलाला पाठवायचे तर चिठ्ठी सहीची हवी, सोबत परवान्याची प्रत असलेली बरी. तोंडी सांगणे चालत नाही.

करंट कुठून गेला

बंदूक आल्यावर पहिले काम चाप पाहणे हे नव्हे. बंदूक मोडून काडतुसाची खोली रिकामी आहे का ते डोळ्यांनी आणि करंगळीने पाहायचे. त्या दिवशी अंगणात हेही कोणी पाहिले नव्हते. खोली रिकामी होती म्हणून निभावले. काडतुसाच्या टोपीला पेटायला ठिणगी किंवा उष्णता पुरते, घोडा पडावाच लागतो असे नाही.

त्यानंतर एकच प्रश्न विचारायचा: अर्थिंगचा चिमटा कुठे लावला होता? वेल्ड केलेल्या कोणत्याही बंदुकीच्या तपासणीत हा प्रश्न टाक्याच्या आधी यायला हवा असे आमचे ठाम मत आहे. टाका दिसतो. करंटची वाट दिसत नाही.

वेल्डिंगचा करंट रॉडमधून कामात शिरतो आणि चिमट्यातून बाहेर पडतो, मध्ये येईल त्या सगळ्यातून तो जातोच. इथे त्याची वाट अशी होती: कडे, पुढचा स्क्रू, बंदुकीचे पोट, बिजागरीची खीळ, नळी, चिमटा. चिमट्याला पकडायला जागा हवी म्हणून वेल्डरने नळीखालचे लाकूड, म्हणजे फोरएंड, काढून ठेवले होते आणि ते ज्या लोखंडी आकड्यात अडकते त्या आकड्याला चिमटा लावला होता. त्याच्या दृष्टीने ते शहाणपणाचेच होते, आकडा जणू चिमट्यासाठीच बाहेर आलेला असतो. पण फोरएंड हाच नळीला बिजागरीवर घट्ट दाबून धरतो. तो काढला की सांधा खुळखुळतो. सैल सांध्यातून शंभर-सव्वाशे अँपिअर गेले की सांध्याच्या आत ठिणग्या पडतात, आणि प्रत्येक ठिणगी छोटे वेल्डिंगच असते. तेवढा ठिपका वितळतो आणि पुन्हा गोठतो.

खीळ काढल्यावर तिच्यावर अशा सात-आठ खळग्या दिसल्या, कडा उठलेल्या आणि करड्या रंगाच्या. नळीच्या मागच्या तोंडावर आणि समोरच्या भिंतीवर, म्हणजे काडतुसाची पाठ जिथे टेकते तिथे, तीन बारीक खळग्या होत्या. सुदैवाने काडतुसाच्या टोपीवर आदळणाऱ्या सुईच्या भोकापासून दूर.

आता नळी. चिमट्याचे दात तेलकट निळ्या पृष्ठावरून घसरले होते आणि आकड्याच्या बाजूला दोन ठिकाणी आर्क बसला होता. जागा नळीच्या मागच्या तोंडापासून साधारण १५ सेंटीमीटरवर, फोरएंड लावला की झाकली जाणारी. म्हणूनच महिनाभर ती कोणाच्या नजरेस पडली नाही. एक डाग मसूरडाळीच्या दाण्याएवढा, दुसरा मोहरीएवढा. डागाच्या मध्यभागी चकाकती खळगी, भोवती निळसर कडे, त्याबाहेर गवती पिवळे. पोलाद २२०-२३० अंशांना गवती पिवळे होते, ३०० अंशांच्या आसपास निळे, आणि मधली चकाकती जागा म्हणजे जिथे ते वितळले, जवळपास १५०० अंश. एका मसूरडाळीच्या घेरात एवढा फरक.

एवढ्याशा डागाचे एवढे काय? नळीचे पोलाद गजाच्या लोखंडासारखे नसते. त्यात कार्बन जास्त असतो, साधारण ०.४ टक्क्यांच्या घरात. असे पोलाद लाल करून पाण्यात बुडवले की काचेसारखे कडक आणि ठिसूळ होते, कोयत्याला पाणी पाजताना हेच होते. आर्कचा ठिपका वितळतो तेव्हा भोवतीची सगळी नळी थंडच असते, ती ठिपक्यातली उष्णता क्षणात ओढून घेते. पाणी न लावताच पाणी पाजल्यासारखे होते. तो ठिपका कडक होतो, त्याच वेळी आखडायला बघतो, भोवतीची नळी त्याला आखडू देत नाही, आणि त्या ओढाताणीत त्याला केसासारखी चीर जाते.

कडकपणा ओळखायची कारागिराची जुनी खूण कानस ही आहे. बारीक कानस नळीवर अलगद फिरवली की ती धातूला धरते, डागावर आली की घसरते आणि किंचित किर्र वाजते. दोन्ही डागांवर ती घसरली. चीर पाहायला मात्र कानस उपयोगाची नाही. त्यासाठी रंगद्रवाची चाचणी घेतात, तीन डब्यांची. पहिल्या डब्यातल्या द्रवाने जागा पुसून कोरडी करायची. दुसऱ्यातला लाल रंग लावून दहा ते वीस मिनिटे तसाच ठेवायचा, तेवढ्यात तो चिरेत मुरतो. मग वरचा रंग फडक्याने पुसायचा. फडक्यावर द्रव घ्यायचा, थेट नळीवर फवारायचा नाही, नाहीतर चिरेतलाही रंग धुऊन जातो आणि नळी खोटीच निर्दोष ठरते. शेवटी पांढरी पूड फवारून दहा मिनिटे थांबायचे. मोठ्या डागाच्या मधून एक लाल रेघ उमटली, ४ मिलिमीटर लांब, नळीच्या लांबीला समांतर.

ही दिशा वाईट. नळीत दाब आला की ती फुगायला बघते, आणि फुगणारी नळी लांबीच्या दिशेनेच उकलते. भाजलेला सॉसेज उभा फुटतो तसे. बाराबोर काडतुसाचा दाब किती असतो याचा अंदाज बहुतेकांना नसतो. युरोपीय प्रमाणानुसार साध्या बाराबोर काडतुसाची कमाल मर्यादा ७४० बार आहे. मोटारीच्या चाकात दोन-सव्वादोन बार हवा असते. हा दाब पहिल्या काही सेंटीमीटरांत सर्वाधिक असतो आणि पुढे उतरत जातो हे खरे, पण १५ सेंटीमीटरवरही तो चिरेला पुरून उरतो. आणि बंदूक नेम धरून खांद्याला लावली की डावा पंजा नेमका त्या जागेखाली असतो.

नळीची भिंत तिथे १.८ मिलिमीटर भरली. ती मोजताना बाहेरच्या व्यासातून आतला व्यास वजा करून अर्धा करायचा नसतो, जुन्या नळ्यांचे भोक बऱ्याचदा मध्यावर नसते आणि एक बाजू पातळ निघते. गोल टोकाचे मोजमाप आत घालून त्याच जागेची जाडी घ्यावी लागते. डाग कानशीने काढून टाकला तर चालेल का, हा प्रश्न मालकाने विचारलाच. चीर किती खोल गेली आहे ते रंगद्रव सांगत नाही, ते फक्त तोंड दाखवते. चीर संपेपर्यंत धातू काढत गेले तर उरलेली भिंत कामाची राहीलच असे नाही. टाक्याने खळगी भरणे तर त्याहून वाईट: त्याने भोवतीचा आणखी मोठा भाग कडक होतो, भोक वाकडे होते, आणि वरून पॉलिश केल्यावर नळी निर्दोष दिसते. दाब सोसणाऱ्या भागावर टाका घालायचा नाही. नळी, काडतुसाची खोली, मागची भिंत, बिजागरी, नळीला धरून ठेवणारी कडी, हे पाच भाग त्यात येतात. त्यांना टाका लागला असेल तर तो भाग बाद. याला आमच्याकडे अपवाद नाही.

आणखी एक गोष्ट सापडली. चिमटा लावलेला आकडा हाताने हलत होता. असे आकडे पुष्कळदा डाखाने बसवलेले असतात, आणि साधा शिसे-कथलाचा डाख १८३ अंशांनाच वितळायला लागतो. करंटने आकडा तापला, डाख सुटला. त्या आकड्यावर फोरएंड टिकतो, फोरएंडवर नळीची पकड.

नळीवर "बाद" अशी चिठ्ठी लागली आणि ती वेगळी बांधून ठेवली.

चाप का अडकत होता

कडे उतरवल्यावर चाप मोकळा व्हायला हवा होता. तो झाला नाही. म्हणजे घासणे हे अर्धेच कारण होते. अशा वेळी कडे वाकवून थांबणारा माणूस चुकतो.

कडे उतरवतानाच अंदाज आला होता, कारण पुढचा स्क्रू आट्यांतच धरला होता. करंट आट्यांच्या टोकाटोकांतून गेला की ती टोके एकमेकांना चिकटतात. रात्रभर तेल मुरवून, खाचेत नेमके बसणारे पाते लावून, हलक्या हातोडीने दोन-चार ठोके देऊन तो निघाला. पाते सैल असेल तर खाच फाटते आणि मग स्क्रू ड्रिलने काढावा लागतो.

आत चापाची पट्टी-स्प्रिंग होती. चांगली स्प्रिंग निळसर दिसते, पाणी पाजल्यावर तिला ३०० अंशांच्या आसपास पुन्हा तापवून घेतलेले असते. ही राखाडी झाली होती. चार वेळा मारलेल्या टाक्याची उष्णता तिच्यापर्यंत पोचली आणि पाणी उतरले. पाणी उतरलेली स्प्रिंग दाबली की दबते, पण पूर्ण परत येत नाही. मासे तोलायच्या स्प्रिंगच्या काट्याने चाप ओढून पाहिला तर एकदा दीड किलोला घोडा सुटला, एकदा तीन किलोला. अशा बंदुकीत तो दोन किलोच्या आसपास आणि दर वेळी सारखा सुटायला हवा. खोली रिकामी ठेवून घोडा चढवला आणि दस्त्यावर रबरी हातोडीने हलकेच ठोकले, तेव्हा तिसऱ्या ठोक्याला घोडा आपोआप पडला. भरलेली बंदूक दाराला टेकवून ठेवायची सवय असलेल्या घरात याचा अर्थ काय होतो हे सांगायला नको.

स्प्रिंगला पुन्हा पाणी पाजायचे नाही, नवी घालायची. जुनी एकदा किती तापली आणि कुठे मऊ झाली हे कळायला मार्ग नसतो. घोड्याची खाच भिंगाखाली पाहिली, ती शाबूत होती.

दस्त्याचे लाकूड स्क्रूभोवती करपले होते. करपलेला भाग कोरून, सागाची खुंटी इपॉक्सीने बसवून, दुसऱ्या दिवशी नवे भोक पाडले.

कडे का वाचवायचे

नवे कडे बसवणे सोपे पडले असते. नळीच बाद आहे तर कड्यावर मेहनत कशाला, असेही वाटेल. पण या बंदुकीचा नंबर कड्याच्या शेपटीवर कोरलेला होता, आणि तोच परवान्यावर होता. शस्त्र कायद्याच्या कलम ८ प्रमाणे बंदुकीवरचा नंबर किंवा ओळखीची खूण खोडणे, काढणे, बदलणे हा गुन्हा आहे. अंगणातल्या ग्राइंडरने शेपटीच्या सुरुवातीला एक ओरखडा ओढला होता, नंबराच्या पहिल्या आकड्यापासून बोटभर अंतरावर. आणखी बोटभर घसरला असता तर परवाना एका बंदुकीचा आणि घरात दुसरीच, असे कागदावर झाले असते.

म्हणून कडे आहे तेच दुरुस्त करायचे ठरले. काम परवानाधारक कारखान्यात, कडे पूर्ण सुटे करून.

आधी नंबरावर तांब्याची पातळ पट्टी गुंडाळून बांधली, म्हणजे ग्राइंडर, कानस, ठिणगी काहीही लागले तरी पट्टीला लागेल. मग मूळ लांबी शोधली. टाका आखडल्याने कडे दीड मिलिमीटर आखूड झाले होते, तेव्हा कड्यावरून माप घेणे फुकट. दस्त्यातली कोरीव खाच मूळ कड्याच्या मापाची असते, तिच्यावर कागद ठेवून पेन्सिलने छाप घेतला आणि तोच नमुना धरला.

जुना टाका पूर्ण काढला. ग्राइंडरने नाही, इंचाला ३२ दातांच्या हॅकसॉच्या पात्याने दोन्हीकडून कापून. अर्धा टाका ठेवून त्यावर नवा चढवण्याचा मोह होतो, पण जुन्या भोकांतला वायू आणि मळी नव्या टाक्यात उकळून वर येते आणि पुन्हा तीच चाळणी तयार होते. भोके दिसेनाशी होऊन चकचकीत सलग धातू दिसेपर्यंत मागे यावे लागते. इथे दोन्ही बाजूंनी मिळून ५ मिलिमीटर धातू गेला. ती फट टाक्याने भरायची नसते, त्याच जाडीच्या मऊ लोखंडाच्या पट्टीचा तुकडा मध्ये घातला. म्हणजे सांधे दोन झाले, पण दोन्ही निरोगी.

कडांना दोन्ही तोंडांवरून उतार दिला, मध्ये एक मिलिमीटरची धार ठेवली, सांध्यात एक मिलिमीटर फट. सांध्याच्या दोन्ही बाजूंना १५ मिलिमीटरपर्यंत निळा मुलामा काढून धातू उघडा केला आणि अॅसिटोनने पुसला. दुचाकीच्या गॅरेजमधला ब्रेक क्लीनर इथे वापरू नये. त्याच्या काही डब्यांत क्लोरीनयुक्त द्रव असतो, आणि आर्कच्या झोतात त्यापासून फॉस्जिन हा विषारी वायू तयार होतो. थोडासुद्धा फुप्फुसाला बाधतो.

कडे ८ मिलिमीटरच्या लोखंडी पाट्यावर त्याच्याच स्क्रूभोकांतून आवळून बसवले, सांध्याखाली तांब्याची पट्टी ठेवली. तांबे टाक्याला चिकटत नाही आणि उष्णता ओढून घेते. पाट्याला आवळल्यामुळे आखडायला जागा राहिली नाही. अर्थिंगचा चिमटा कड्यालाच, सांध्यापासून चार बोटांवर.

वेल्डिंग टिगचे, म्हणजे टंगस्टनच्या सुईने आणि आर्गॉन वायूच्या आवरणात करायचे. टंगस्टनची सुई १.६ मिलिमीटर, भरायची तार ईआर ७०एस-६ जातीची, तीही १.६ मिलिमीटर. करंट ५० अँपिअरच्या आसपास, आर्गॉन मिनिटाला ७ ते ८ लिटर. पंखा बंद, दार लोटलेले, वाऱ्याची झुळूक आर्गॉन उडवून नेते आणि पुन्हा भोके पडतात. आधी चारही कोपऱ्यांना टाचे, मग एका बाजूला एक छोटा टाका, थांबून हाताला सोसेल इतके थंड होऊ दिले, मग दुसऱ्या बाजूला. टाका संपल्यावर टॉर्च लगेच उचलायची नाही, सहा-सात सेकंद वायू चालू ठेवायचा. पाण्यात बुडवायचे नाही, आपोआप निवू द्यायचे.

टाका पट्टीच्या वर जेमतेम अर्धा मिलिमीटर होता. खरबरीत कानस, मग बारीक कानस, मग १२०, २२० आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर, सगळे पट्टीच्या लांबीच्या दिशेने. आडवा हात मारला की ओरखडे मुलाम्याखालूनही दिसतात.

मुलाम्याबद्दल थोडे. बाटलीतला झटपट निळा रंग टाक्यावर वेगळा दिसतो, कारण तारेचा धातू आणि कड्याचा धातू एक नसतो. गंजाचा मुलामा जास्त सारखा बसतो: द्रव पुसून पट्टीवर पातळ गंज धरू द्यायचा, वीस मिनिटे स्वच्छ पाण्यात उकळायचा, लाल गंज काळा होतो, मऊ पोलादी लोकरीने झाडून घ्यायचा, आणि हे पाच-सहा वेळा. कोरड्या मुलखात गंज धरायला ओलसर पेटी करावी लागते. गोव्यात जुलै महिन्यात खुंटीला टांगून ठेवले की काही तासांत काम होते.

चाप आणि कडे यांच्यात आता चारही बाजूंनी मोकळी जागा आहे. नवी स्प्रिंग घातल्यावर दहा वेळा तोलून पाहिले, दहाही वेळा घोडा दोन किलोच्या आसपास सुटला, आणि ठोकल्यावर पडला नाही.

नळीचे काय

कडे नीट झाले, चाप नीट झाला, तरी बंदूक मालकाला वापरायला दिली नाही. चापाची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला हे पटवणे कठीण जाते, म्हणून त्याला लाल रेघ दाखवली, आणि कानस स्वतः फिरवून पाहायला दिली.

पुढे दोन वाटा होत्या. एक, नवी नळी. पण कायद्याच्या व्याख्येत बंदुकीचे सुटे भागही शस्त्रातच मोडतात, नळी कुठूनही आणून बसवता येत नाही. ती परवानाधारक उत्पादक किंवा विक्रेत्याकडूनच यावी लागते, तिची नोंद व्हावी लागते, आणि खीळ, भिंत, नळी अशी सगळी जुळणी नव्याने करून चाचणीतून काढावी लागते. एवढा खर्च या बंदुकीच्या किमतीच्या वर जात होता. दुसरी वाट म्हणजे ही बंदूक जमा करून त्याच परवान्यावर दुसरी घेण्याची परवानगी मागणे. परवान्याची मुदत आता पाच वर्षांची असते, २०१९ पूर्वी ती तीन होती, आणि या परवान्याची मुदत अजून शिल्लक होती. मालकाने दुसरी वाट धरली.

पणजीला जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज गेला. सोबत तपासणीचा अहवाल, नळीचे "बाद" म्हणून काढलेले फोटो आणि कोणत्या भागाचे काय केले याची यादी होती. बंदूक पोलीस ठाण्यात जमा करताना शिपायाने परवाना टेबलावर ठेवला, बंदूक उलटी केली, कड्याच्या शेपटीवरचा एकेक आकडा बोटाने वाचला, परवान्याशी ताडला आणि पावतीवर उतरवून घेतला.